यंदा घ्यावा की नको

आमचे घरमालक वर्षातून एकदा विचारात पडत. बाकीचं वर्ष त्यांना त्याची गरज भासत नसे. गणपती उठले की त्यांच्या कपाळावर आठी यायची, आवाज खाली यायचा, आणि गेटपाशी उभं राहून ते येणाऱ्याजाणाऱ्याला एकच प्रश्न विचारायचे, "काय म्हणता, यंदा घ्यावा की नको?"

नवखा माणूस गोंधळायचा. त्याला वाटायचं प्लॉटचं चाललंय, गेला बाजार चारचाकीचं. प्रश्न मोबाईलचा असायचा. एका बड्या कंपनीचा सगळ्यात महागडा फोन दर सप्टेंबरात नवा निघतो. तो घ्यावा, की गेल्या वर्षीचाच आणखी वर्षभर वापरावा, हा तो पेच. दूधवाल्याचं मत झालं, मीटरचं रीडिंग घ्यायला येणाऱ्याचं झालं, एकदा तर गॅसचं सिलिंडर खांद्यावर घेऊन उभ्या असलेल्या माणसाचं मत घेईपर्यंत त्यांनी त्याला आत सोडलं नव्हतं. मला मात्र रोज विचारायचे. मी वरच्या मजल्यावरची भाडेकरू, आणि बंगल्याला गेट एकच.

नाशिकला गंगापूर रोडवरून आत वळणाऱ्या एका गल्लीत तो बंगला होता. खाली मालक, वहिनी आणि मालकांचे वडील तात्या. वर मी एकटी. मी तेव्हा एका कॉलेजच्या ग्रंथालयात होते. मालकांचं दिंडोरी रोडला ठिबकच्या नळ्यांचं दुकान. द्राक्षवाल्यांना नळ्या विकून त्यांनी बरं कमावलं होतं, आणि ते कष्टाने कमावलं होतं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझं म्हणणं आहे ते त्यांच्या विचारात पडण्याबद्दल. कारण उत्तर काय येणार हे सिलिंडरवाल्यालाही ठाऊक असायचं. घ्यायचाच असायचा. फक्त चार लोकांनी आग्रह केला म्हणून घेतला, असं त्यांना नंतर सांगायचं असे.

"मी नकोच म्हणत होतो, मॅडम," ते मला पेढा देत म्हणायचे, "पण काळाच्या मागं राहून चालत नाही."

आणि मग नवा फोन दोन बोटांत धरून, डोळे अर्धवट मिटून, त्यांचं ते ठरलेलं वाक्य यायचं. "फरक जाणवतो."

काय फरक जाणवतो, हे मी एकदा विचारलं होतं. ते बराच वेळ फोनकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हातात घेतल्यावर कळतं." मी हातात घेतला. मला तो जड लागला. माझ्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही म्हणून त्यांनी तो हळूच काढून घेतला.

या फोनवर ते दोन कामं करत. सकाळी उठून पाचपन्नास लोकांना गुलाबाच्या फुलासकट सुप्रभात पाठवणे, हे एक. आणि स्पीकर लावून, फोन तोंडापुढे पापडासारखा आडवा धरून, "हां बोला, बोला, नळ्या निघाल्या, पोहोचतील," असं ओरडणे, हे दुसरं. तिसरं काम मी चार वर्षांत बघितलं नाही. त्यांच्या फोनमध्ये म्हणे चित्रपट तयार करता येत होता, अंधारात वाचता येत होतं, पाण्यात बुडवला तरी चालत होता. मालक गोदावरीला पूर आला तरी पुलावर जात नसत, पण फोन पाण्यात चालतो याचं त्यांना फार समाधान.

माझ्या फोनकडे ते घरात दुखणाईत माणूस असल्यासारखं बघायचे. त्याची काच कोपऱ्यात तडकली होती आणि मी तिला चिकटपट्टी लावली होती. "अजून चालतो?" असं हळू आवाजात विचारायचे, आणि मी हो म्हटलं की मान हलवायचे.

कोजागिरीचा प्रसंग सांगितल्याशिवाय त्यांची ओळख पुरी होणार नाही. दरवर्षी कोजागिरीला ते आम्हा सगळ्यांना गच्चीवर बोलवत. दूध आटवलेलं असे, केशर घातलेलं असे, वहिनींच्या हाताला चव होती. पण नव्या फोनने चंद्राचा फोटो निघाल्याखेरीज कोणी पेल्याला हात लावायचा नाही. मालक गच्चीच्या कठड्याला पाठ टेकून, श्वास रोखून उभे राहायचे. ढग आला की थांबायचं, ढग गेला की पुन्हा. दुधावर साय धरायची, मग साय सुरकुतायची, मग वहिनी पातेलं खाली नेऊन पुन्हा गरम करून आणायच्या. शेवटी फोटो निघाला की ते जुन्या फोनमधला गेल्या वर्षीचा चंद्र आणि नव्या फोनमधला यंदाचा चंद्र शेजारी शेजारी धरून एकेकापुढे नेत.

"हा गेल्या वर्षीचा. आणि हा यंदाचा. बघा."

दोन्ही पांढरे ठिपके. लोक म्हणायचे, "वा, यंदाचा चांगलाय." खरा चंद्र डोक्यावर होता, फुकट होता, आणि त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं. समोरच्या बंगल्यातले दातांचे डॉक्टर एकदा पटकन म्हणून गेले की त्यांना गेल्या वर्षीचा जास्त आवडला. पुढच्या कोजागिरीला त्यांना बोलावणं नव्हतं.

एका वर्षी मात्र मालकांनी दसरा उलटला तरी फोन घेतला नाही. ते दिवस घेतल्याच्या दिवसांपेक्षा वाईट गेले. "आम्ही यंदा घेतला नाही," हे ते लग्नकार्यात, दुकानात, माझ्याकडे भाडं घेताना, सगळीकडे सांगत सुटले. साधी राहणी या विषयावर त्यांनी गल्लीतल्या गणेश मंडळापुढे दहा मिनिटं भाषणही केलं. त्यातली सात मिनिटं माणसाच्या गरजा किती कमी असतात, यावर गेली. शेवटी दिवाळीत पाडव्याला वहिनींना ओवाळणी म्हणून त्यांनी तोच फोन आणला, आणि वहिनींनी तो तबकातून उचलण्याआधी स्वतःच उचलला.

इथवर हसण्यावारी नेता आलं असतं. माणसाला एखादा नाद असतो. पण या नादाचा भार ज्याच्यावर पडत होता, तो माणूस खालच्या मागच्या खोलीत बसलेला होता.

मालक जुना फोन विकत नसत. दुकानदार मातीमोल भावाने मागतात, म्हणून तो घरातच फिरवायचा. मालकांचा फोन वहिनींकडे जायचा, आणि वहिनींचा तात्यांकडे. म्हणजे मालकांना दरवर्षी नवा फोन, तसा तात्यांनाही दरवर्षी नवा फोन. ऐकायला किती छान. गल्लीत मालक ते अभिमानाने सांगायचे, "ऐंशीच्या वर वय आहे तात्यांचं, पण आमच्याकडे स्मार्टफोनशिवाय कोणी नाही."

तात्यांना काचबिंदू होता. एका डोळ्याने दिसत नव्हतं, दुसऱ्याने उजेड आणि सावली एवढंच कळायचं. त्यांना जगात एकच फोन लावायचा असायचा, रोज, दिवेलागणीला. वणीला त्यांची थोरली बहीण राहायची, आक्का. देवीच्या गडाखालच्या वाटेवर तिचं नारळ-ओटीचं दुकान, आता भाच्याकडे दिलेलं. आक्काला फोन आला की हिरवं बटण दाबून घेता यायचा, लावता मात्र येत नव्हता. तेव्हा तात्यांनी लावला तरच बोलणं व्हायचं. आईबाप, बाकीची भावंडं, सगळी गेलेली. लहानपणीचं नाव घेऊन तात्यांना हाक मारणारं माणूस जगात आता तेवढंच उरलं होतं.

त्यांच्याकडे एके काळी बटणांचा साधा फोन होता. त्यातल्या पाचच्या बटणावर एक बारीक उंचवटा असतो. अंगठा त्यावर ठेवायचा, दाबून धरायचा, आक्का. डोळ्यांचं कामच नाही. दिवेलागणीला मागच्या पायरीवर बसून तात्या अर्धा-अर्धा तास बोलायचे. कुणाच्या शेतात काय लागलं, कोण गेलं, गडावर गर्दी किती, आणि मधूनच काहीतरी आठवून दोघं हसत बसायची.

मग एके दिवशी गल्लीत तो भोंगा आला. नाशिकच्या कॉलन्यांतून फिरतात ना मोटारसायकलवाले, मागे प्लॅस्टिकच्या टबांची चळत बांधलेली आणि पुढे कर्णा, बंद पडलेला मोबाईल आणा, फुटका मोबाईल आणा, टब घेऊन जा, असं ध्वनिमुद्रण चालू. मालकांनी तात्यांच्या खोलीत जाऊन तो बटणांचा फोन उचलला आणि एक लाल टब घेऊन आत आले. वर त्या टबाचा फोटो काढून सगळ्यांना पाठवला. "आमच्या घरात हे डबडं शोभतं का, मॅडम? लोक म्हणतील स्वतः नवा वापरतो आणि बापाला डबडं देतो."

लोक काय म्हणतील याची त्यांना फार काळजी. बाप काय म्हणतो, ते ऐकायला सवड नव्हती.

तात्यांच्या हाती वहिनींचा जुना फोन आला, पण गुळगुळीत काचेवर आंधळ्याने काय शोधायचं? वहिनी भल्या होत्या. त्यांनी आक्काचा फोटो पडद्यावर वर डाव्या कोपऱ्यात लावून दिला, तात्यांचा अंगठा धरून तिथे नेऊन दाखवला. पाच-सहा महिने चुकतमाकत तात्या शिकले. कधी कॅमेरा उघडायचा, कधी कुणा अनोळखी माणसाला फोन लागायचा, कधी फोनच त्यांच्याशी इंग्रजीत बोलायला लागायचा. तरी शिकले. तोवर सप्टेंबर आला, गेटपाशी चर्चा सुरू झाली, आणि वहिनींचा फोन तात्यांकडे उतरला. तो वेगळ्याच मापाचा. डावा कोपरा गेला, आक्का गेली.

तेव्हापासून तात्या दिवेलागणीला जिन्याच्या खालच्या पायरीशी येऊन उभे राहत. वर चढवत नव्हतं. कठड्याला हात धरून हाक मारायचे, "पोरी, हायेस का?"

मी खाली जायची. आपला फोन ते खोलीतच ठेवून यायचे, त्याला हात लावायची त्यांना धास्तीच बसली होती. माझ्या तडकलेल्या फोनवरून आक्काचा नंबर लावून द्यायची आणि गेटपाशी जाऊन उभी राहायची, म्हणजे त्यांना मोकळं बोलता यावं. पण ते मोकळं बोलत नसत. दुसऱ्याच्या फोनवर माणूस किती बोलणार? "बरी हायेस ना? मी बराय. ठेवतो मग," एवढंच. आणि फोन माझ्या हातात देताना, न विचारता सांगायचे, "तिला म्हनलं ठेव, तुझा खोळंबा नको." मला कॉलेजात उशीर झाला, मी माहेरी गेले, तर ते बोलणंही राहायचं. वहिनींकडे ते मागत नसत. सुनेसमोर बहिणीशी काय काय बोलावं, असं त्यांना वाटत असावं.

मला राहवलं नाही. मी एम. जी. रोडवरून एक बटणांचा फोन आणला आणि तात्यांच्या हातात ठेवला. त्यांचा अंगठा त्यावरून फिरला आणि पाचवर थांबला. दुसऱ्या दिवशी सकाळी मालक वर आले. तो फोन त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला. रागावले नव्हते, दुखावले होते, ते जास्त वाईट. "मॅडम, आमच्या घरात काही कमी आहे का? तात्यांच्या हातात तो फोन समोरच्या डॉक्टरांनी बघितला. मला विचारतात, काय हो, धंदा मंदावला का?" मी म्हटलं, "पण त्यांना तोच वापरता येतो." तर म्हणाले, "शिकतील. मी शिकलोच ना."

तात्यांनी मला मागाहून सांगितलं, "राहू दे पोरी. घरात तंटा नको." म्हणून मी गप्प बसले. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, ते मी त्यांच्यासाठी केलं.

आता त्या वर्षाचं. नवा फोन विकायला येतो तो बहुतेक पितृपक्षात, आणि पितृपक्षात नवी खरेदी करत नाहीत. दर वर्षी मालकांची त्यात फार कुचंबणा व्हायची. फोन दुकानात दिसतोय, लोक हाताळताहेत, आणि यांना घटस्थापनेपर्यंत थांबायचंय. पण त्या वर्षी समोरच्या डॉक्टरांनी जाहीर केलं की ते पहिल्याच दिवशी घेणार. डॉक्टर असलं काही मानत नव्हते. म्हणजे आपल्याआधी गल्लीत दुसऱ्याच्या हातात नवा फोन येणार. मालकांची झोप उडाली. या खेपेला ते खरोखरच विचारात पडले होते, हे मी मान्य करते.

ते पंचवटीत एका गुरुजींकडे गेले. खरेदी चालत नाही, पण दान? गुरुजी म्हणाले, दानाला कसली हरकत, उलट पुण्यच आहे, वडीलधाऱ्यांना द्या. मालकांना गुरुजींची जेवढी गरज होती, तेवढी पुरी झाली. फोन घ्यायचा तो तात्यांच्या नावाने, पावती तात्यांच्या नावाची. तात्यांना विधिपूर्वक दान द्यायचा. डबा फोडायचा नाही, तात्यांच्या कपाटात ठेवायचा. आणि घटस्थापनेला तात्यांनी तो मुलाला प्रसाद म्हणून परत द्यायचा. खरेदीही झाली नाही, पहिला नंबरही गेला नाही. ही युक्ती त्यांनी मला सांगितली तेव्हा ते आनंदाने जवळजवळ टाचा उचलत होते.

मला साक्षीदार म्हणून बोलावलं होतं, आणि अर्थात फोटो काढायला. देवघरापुढे पाट, पाटावर तात्या. ताम्हन, पळी, तुळशीचं पान. फोनचा डबा वहिनींच्या हातात, दोन हात लांब, कारण पाणी उडायला नको. गुरुजींचा मंत्र मालकांनी ध्वनिमुद्रित करून आणला होता. तो लावून त्यांनी तात्यांच्या हातावर पाणी सोडलं आणि मंत्राच्या मागोमाग मोठ्याने म्हटलं, "न मम. न मम. न मम." म्हणजे हे आता माझं नाही. हे म्हणताना त्यांची नजर डब्यावरून हलली नाही.

तात्यांनी ओला हात धोतराला पुसला. "मला जिताच पितर केला का रं?" ते म्हणाले.

"अहो तात्या, दान आहे. फोन आता तुमचा."

"माझाच?"

"तुमचाच. पावतीवर नाव आहे तुमचं."

"बरं," तात्या म्हणाले. डबा हातात घेतला, चारी बाजूंनी चाचपला आणि विचारलं, "ह्याला बटनं हायेत का?"

मालक खूप हसले. तो विनोद त्यांनी पुढे आठवडाभर लोकांना सांगितला. दुपारी डॉक्टरांना बोलावून कपाटाचं दार उघडून डबा दाखवला, हात न लावता. रोज सकाळी दुकानात जाण्याआधी कपाट उघडून बघायचे. देवाला नमस्कार करायला इतके नेमाने ते कधी गेले नव्हते.

सर्वपित्री अमावास्येला मला खाली जेवायला बोलावलं होतं. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, वहिनींच्या वड्यांसाठी. पितरांचं पान गच्चीवर ठेवलं होतं. कावळा शिवल्याशिवाय घरात कोणी जेवायचं नाही. तात्या हयात असताना ते पान ठेवण्याचा मान त्यांचाच, पण मालकांना कावळा शिवतानाचं चित्रीकरण करायचं होतं. ते गेल्या वर्षीचा फोन समोर धरून पानापासून चार हातांवर उभे. डॉक्टरांच्या टाकीवर तीन कावळे बसले होते. ते मालकांकडे बघत होते आणि मालक त्यांच्याकडे. कावळ्याला अक्कल असते. फोन घेऊन उभ्या असलेल्या माणसाजवळ तो कशाला येईल?

वहिनी स्वयंपाकघरात वडे झाकून बसल्या होत्या. तात्या गेटपाशी खुर्चीवर, भुकेले. मी त्यांच्याजवळ उभी होते. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी तो भोंगा वाजला. बंद मोबाईल, फुटका मोबाईल, टब घेऊन जा.

तात्यांनी मान वळवली. मोटारसायकल आमच्यापर्यंत आली तेव्हा त्या माणसाच्या खिशात फोन वाजला. साधी घंटी, जुन्या फोनची. पन्नाशीचा माणूस होता. त्याने खिशातून फोन काढला, कुणाला तरी "येतो" म्हणून परत ठेवला. तात्या उठले, भिंतीला हात लावत आत गेले, आणि छातीशी डबा धरून बाहेर आले.

"आता वाजला तो कंचा फोन तुझा?"

"माझा वापरायचा हाय, बाबा. ह्यो देऊन मी काय करू?"

"बघू."

त्याने दिला. रबरबँड लावलेला, आकडे पुसट झालेला बटणांचा फोन. तात्यांचा अंगठा त्यावर फिरला आणि थांबला. त्यांनी डबा पुढे केला. "ह्यो दे मला. ह्यो घे तू."

माणसाने डबा उलटसुलट केला आणि त्याचा चेहराच उतरला. "बाबा, हा नवा हाय. सीलबी नाय तोडलं."

"नवाच हाय," तात्या म्हणाले. "म्हनून तर देतो."

तो माझ्याकडे बघायला लागला. "ताई, बाबांना दिसत नाय वाटतं. मागून लफडं होईल. माझ्यावर चोरीचं येईल."

मी त्यांना अडवू शकले असते. गच्चीकडे तोंड करून एक हाक मारली असती तरी पुरे होतं. मी त्या माणसाला म्हटलं, "फोन त्यांचा आहे. पावती डब्याला चिकटवलेली आहे, तिच्यावरचं नाव त्यांचं आहे. ते काय करताहेत ते त्यांना कळतंय." असं म्हटल्याचा मला आजतागायत आनंद आहे.

त्याने आपलं सिम काढून घेतलं. डबा शर्टाच्या आत घातला. मग त्याला राहवेना. चळतीतला सगळ्यात मोठा निळा टब सोडवून त्याने गेटच्या आत ठेवला आणि म्हणाला, "हा तरी घ्या, बाबा." जाताना त्याने भोंगा बंद केला होता.

थोड्या वेळाने मालक घामाघूम होऊन खाली आले. "कावळा काही येत नाही. आणि हा टब कुठला?"

"फोन दिला, टब घेतला," तात्या म्हणाले. "तूच न्हाय का दिला व्हता मागं?"

"कोणता फोन?"

"माझा."

मालक हसले. त्यांना वाटलं, वहिनींकडून उतरलेला. "बरं केलंत. जुनाच झाला होता तो," असं म्हणत ते हात धुवायला वळले, आणि तो जुना फोन खुर्चीवर पडलेला त्यांना दिसला. ते तसेच आत धावले. कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला. मग मालक स्कूटर घेऊन जे निघाले, ते थेट सोमेश्वरपर्यंत गल्ल्यागल्ल्यांतून फिरून आले. वहिनी गच्चीवर गेल्या तर पानावरचा वडा नाहीसा झाला होता. कावळा केव्हाच शिवून गेला होता. आम्ही तिघं जेवायला बसलो.

डबा फोडलाच नव्हता, त्यामुळे फोन कुठे आहे हे शोधायची सोय नव्हती. मालक तात्यांना घेऊन पोलीस चौकीत गेले. साक्षीदार म्हणून मी गेले, मुद्दाम गेले. हवालदाराने दुकानातून काढून आणलेली पावतीची नक्कल बघितली आणि तात्यांना विचारलं, "आजोबा, चोरीला गेला का?"

"नाय सायेब. माझा व्हता, म्या दिला."

"मग तक्रार कसली?"

"पैसे माझे आहेत, साहेब," मालक म्हणाले.

"मग पावती यांच्या नावावर कशाला केली?"

आणि मग मालकांना ते सगळं सांगावं लागलं. पितृपक्ष, डॉक्टर, गुरुजी, पळीतलं पाणी. हवालदाराने मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी त्याने विचारलं, "म्हणजे दान दिला होता?"

"हो."

"मंत्र म्हणून?"

"हो."

"मग झालं की," हवालदार म्हणाला आणि पुढच्या माणसाकडे वळला.

घरी येताना रिक्षात मालक प्रथमच फोनकडे न बघता बसले होते. गेटमध्ये शिरल्यावर त्यांनी विचारलं, "का केलंत तात्या असं? मला सांगायचं तरी."

"सांगितलं व्हतं," तात्या म्हणाले. "तू फोनवर व्हतास." मग जरा थांबून म्हणाले, "दरसाली तुझा फोन बदलतो आन् माझी बहीन हरवते. ती नव्वदीला आली. अजून किती येळा शोधू तिला?"

मालक तसेच आत गेले.

माणूस सुधारला, असं मी म्हणणार नाही. पुढच्या वर्षी गणपती उठल्यावर ते गेटपाशी उभे होतेच, आणि घटस्थापनेला घेतलाच. चंद्राचा फोटोही निघाला आणि दूधही सायीसकट प्यालो. फक्त वहिनींचा जुना फोन त्या वर्षी मागच्या खोलीत उतरला नाही. कपाटात पडून राहिला. डॉक्टरांनी तात्यांच्या हातातल्या डबड्याबद्दल काही विचारलं, तर मालक दुसरीकडे बघत म्हणाले, "त्यांना तोच आवडतो." एवढं बोलायला त्यांना किती कष्ट पडले, ते मी जिन्यातून बघितलं.

पण मला आठवते ती अमावास्येचीच संध्याकाळ. तात्यांचं सिम मी त्या फोनमध्ये घालून दिलं होतं, आक्काचा नंबर पाचवर ठेवला होता. दिवेलागणीला सवयीने मी फोन घेऊन जिन्यात आले आणि हाकेची वाट बघत थांबले. हाक आलीच नाही. मागच्या पायरीवरून तात्यांचा आवाज येत होता. पलीकडून आक्का काहीतरी विचारत असावी, कारण ते म्हणाले, "व्हय, नवा घेतला. आमच्यात दरसाली घेत्यात." मग तिचं काहीतरी ऐकून हसले. खूप दिवसांनी तसे हसले.

"व्हय गं," ते म्हणाले, "फरक जाणवतो."

पुढचं बोलणं त्यांच्या दोघांचं होतं. मी वर आले आणि मागची खिडकी लावून घेतली.